चाळीस फुटांचा बागुलबुवा

मराठी घरातल्या बागुलबुवाला कधीच उंची नव्हती. तो माळ्यावर राहायचा, नाहीतर परसात, आणि पोर जेवेना की त्याला हाक मारली जायची. येतो येतो म्हणून तो कधी आला नाही, आणि त्याचा सगळा दरारा त्या न येण्यावरच टिकून होता. मग १९७६चा ‘किंग काँग’ हा राक्षसी वानराचा चित्रपट आला आणि बागुलबुवाला माप मिळालं. चाळीस फूट. शिवाय हा खरंच आला, झाडं मोडत आला, आणि दिसला.

ज्यांनी तो लहानपणी टॉकीजच्या पडद्यावर पाहिला ती मुलं आता पन्नाशी ओलांडून गेली. इंदुरात बहुतेक जुन्या टॉकीज गेल्या आणि चौराहे राहिले. रीगल चौराहा, मधुमिलन चौराहा ही नव्या पोरांच्या लेखी रिक्षावाल्याला सांगायची ठिकाणं आहेत, तिथे पडदे होते हे सांगावं लागतं. (त्याआधीच्या पिढीला तर किंग काँग म्हटलं की दारासिंगशी लढणारा अगडबंब मल्लच आठवायचा. वानर नंतर आलं.) आता हा चित्रपट बैठकीतल्या टीव्हीवर, सोफ्यावर पाय पसरून पुन्हा बघायला बसलं की पहिल्या झटक्यात एकच वाक्य तोंडून येतं, ‘अरे, हा तर केसाळ कपडे घातलेला माणूस!’

बरोबर आहे, माणूसच आहे. त्याचं नाव रिक बेकर. पण हसून टीव्ही बंद करण्याआधी एक विचारायला हवं. माणूसच होता, तर मग आपली बोबडी का वळली होती?

चित्रपट मुळात १९३३च्या ‘किंग काँग’चा नवा अवतार. जुन्यात विलिस ओब्रायन यांनी जेमतेम दीड फुटाच्या बाहुल्या एकेका चौकटीला (फ्रेमला) तसूभर हलवून चालवल्या. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दहा सेकंदांच्या हालचालीसाठी २४० वेळा बाहुलीला हात लावायचा. ओब्रायनच्या काँगची लव सतत थरथरताना दिसते ती वाऱ्यानं नव्हे, बाहुली हलवणाऱ्याच्या बोटांनी. १९७६मध्ये निर्माते दिनो दे लॉरेंतिस आणि दिग्दर्शक जॉन गिलरमिन यांनी ही वाट सोडली. त्यांनी एक खराखुरा चाळीस फुटी यांत्रिक काँग उभा करायचं ठरवलं आणि ते काम इटलीच्या कार्लो राम्बाल्दी यांच्याकडे दिलं.

या यंत्राची गोष्ट सगळ्यांत गमतीची आहे. वजन सुमारे साडेसहा टन, खर्च सुमारे १७ लाख डॉलर, आत हायड्रॉलिकच्या नळ्यांचं जाळं, वरून घोड्याचे केस. जाहिराती सगळ्या त्याच्याच जोरावर झाल्या. आणि पडद्यावर ते यंत्र दिसतं एकूण पंधरा सेकंदांहून कमी! काँगला अमेरिकेत आणून त्याचं प्रदर्शन मांडतात, पेट्रोल पंपाच्या आकाराचं भलंमोठं आवरण त्याच्यावरून वर उचलतात, त्या प्रसंगात नीट बघा. एका शॉटमध्ये काँग लाकडासारखा ताठ उभा असतो आणि हात पवनचक्कीच्या पात्यासारखे वरखाली होतात. तो राम्बाल्दींचा काँग. पुढच्याच शॉटमध्ये खांदा वळतो, मान झुकते, छातीत श्वास भरतो. तो बेकर.

यंत्र का फसलं हे रस्त्यावरचा जेसीबी बघितला तरी कळतं. तत्त्व तेच आहे. दाबाखालचं तेल सिलिंडरमध्ये शिरतं, दांडा पुढे सरकतो, सांधा वाकतो. जेसीबीला एवढं पुरतं, कारण त्याला फक्त माती उचलायची असते. जिवंत दिसायचं असेल तर खांदा, कोपर, मनगट, बोटं एकाच वेळी पण वेगवेगळ्या वेगानं हलायला हवीत. हात वीस फूट लांब असला की खांद्यापाशी झालेली बोटभर चूक बोटांच्या टोकाशी हातभर होते. म्हणून चालवणारा बिचारा सगळं सावकाश करतो, आणि सावकाश केलं की ते क्रेन वाटतं. त्यात सांध्यावरची रबरी कातडी ताणते, फाटते, आणि वरचे केस फाट लपवतील तेवढंच. सुटा यांत्रिक हात मात्र यशस्वी झाला. ज्यात नायिका जेसिका लँग बसलेली दिसते तो हा हात. त्याला फक्त मिटायचं आणि उघडायचं होतं, आणि नटी खरोखरच बोटांच्या पकडीत असल्यामुळे तिच्या अंगाचं आक्रसणं खोटं वाटत नाही.

आता बेकर चाळीस फुटांचे कसे दिसले, ते पाहू. इथे भूमिती कमी आणि घड्याळ जास्त आहे.

चाळीस फुटांवरून दगड सोडला तर जमिनीवर यायला १.६ सेकंद लागतात. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून, म्हणजे पावणेसहा फुटांवरून सोडला तर ०.६ सेकंद. उंची सातपट, वेळ मात्र सातच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे २.६५ पट. आपल्या डोळ्याला हा हिशेब पाठ असतो. गणित न येणारं पोरही घसरगुंडीवरून पडणारा चेंडू आणि गच्चीवरून पडणारा चेंडू यांतला फरक ओळखतं. तेव्हा एक सप्तमांश मापाच्या सेटवरचा माणूस चाळीस फुटी वाटायचा असेल, तर कॅमेरा त्याच प्रमाणात जलद चालवायचा. २४ गुणिले २.६५, म्हणजे सेकंदाला सुमारे ६४ चौकटी. टॉकीजमध्ये त्या २४च्या वेगानं दाखवल्या की पाऊल सावकाश पडतं, हात सावकाश वळतो, मोडलेलं झाड सावकाश कोसळतं. लहान मापाच्या चित्रीकरणाचा हा सर्वसाधारण नियम आहे. तो थोडा कमी पाळला की केसाळ माणूस दिसतो. जास्त पाळला की काँग पाण्याखाली चालल्यासारखा तरंगतो. पुन्हा बघताना हा दोष चटकन पकडता येतो. ज्या शॉटमध्ये काँग अंतराळवीरासारखा चालतो, तिथे चौकटी जास्त झाल्या असं समजा.

या एका आकड्यामागून पुढच्या सगळ्या अडचणी येतात. चौकटी २.६५ पट झाल्या की प्रत्येक चौकटीला प्रकाश तेवढाच कमी मिळतो, म्हणजे दिवे अडीच पटींहून जास्त हवेत. शिवाय छोट्या सेटवर जवळचं झाड आणि लांबचा डोंगर दोन्ही स्पष्ट दिसावे लागतात, नाहीतर माप फुटतं. त्यासाठी लेन्सचं भोक बारीक करावं लागतं, म्हणजे आणखी दिवे. आणि त्या सगळ्या दिव्यांखाली केसाळ पोशाखात, चेहऱ्यावर मुखवटा चढवून माणूस उभा. उकाड्यामुळे दीर्घ शॉट घेताच येत नाहीत. त्यामुळे काँगची हालचाल तुकड्यातुकड्यांत दिसते आणि संकलन घाईचं वाटतं.

पाणी आणि विस्तव तर कोणत्याच मापाला जुमानत नाहीत. सेट सातपट लहान करता येतो, थेंब लहान करता येत नाही. म्हणून काँगच्या जवळ पाणी उडालं की एकेक थेंब घागरीएवढा भासतो आणि खेळ उघडा पडतो. सापाशी झुंज आहे ना, तीही मला या चित्रपटातली सगळ्यांत दुबळी जागा वाटते. साप रबरी आहे ही तक्रार नाही. त्याला वजन नाही. जुन्या चित्रपटातले डायनोसॉर काढून इथे हा एकच साप ठेवला, आणि मालव्यातल्या पोरांना, ज्यांना दर पावसाळ्यात परसात एखादी धामण दिसायची, तो तेव्हाही फारसा पटला नसेल.

असं जनावर खरंच असतं तर? उंच नर गोरिल्ला सरळ उभा राहिला तर साधारण पावणेदोन मीटर, वजन १८० किलो धरू. त्याला सातपट उंच केलं की हाडांची जाडी क्षेत्रफळाच्या हिशेबानं ४९ पट होते, पण वजन ३४३ पट. म्हणजे सुमारे ६२ टन. हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सातपट भार. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६मध्ये हाच मुद्दा लिहून ठेवला. माणूस दहापट उंच केला तर पहिल्या पावलालाच त्याच्या मांडीचं हाड मोडेल, असं त्यांनी दाखवलं. (हे हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) काँग सातपट, म्हणजे थोडक्यात वाचला. धावणं, उड्या मारणं मात्र विसरा.

उंचीचा धाक तसाही ताणून धरलेला आहे. आपला इंदूरचा राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. त्याच्यासमोर चाळीस फुटांचा काँग उभा केला तर तो फार तर तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या खिडकीत डोकावेल. वरच्या मजल्यावरचा माणूस त्याच्या टाळूवर चहा सांडू शकेल. चित्रपटालाही ही पंचाईत ठाऊक आहे, म्हणून काँग शॉटगणिक लहानमोठा होत राहतो. लहानपणी हे कुणाच्या लक्षात आलं नाही. घाबरलेला माणूस फूटपट्टी काढत नाही.

मग घाबरवलं कशानं? माझं उत्तर आहे, डोळ्यांनी. बेकर यांनी एकच मुखवटा वापरला नाही. वेगवेगळ्या भावांचे वेगवेगळे मुखवटे होते आणि त्यांचे ओठ-भुवया कॅमेऱ्याबाहेर बसलेली माणसं तारांनी हलवत. पण डोळे बेकर यांचे स्वतःचे, वर लेन्सा चढवलेले. गोरिल्ल्याच्या डोळ्यातला बुबुळाभोवतीचा भाग बहुधा काळपट असतो, त्यामुळे तो नेमका कुठे बघतोय हे लांबून कळत नाही. माणसाच्या डोळ्यात पांढरा भाग भरपूर, म्हणून नजर कळते. काँगची नजर कळते. नवलख्याच्या चिडियाघरात पिंजऱ्यातलं माकड आपल्याकडे बघतं तेव्हा ते आपल्या हातातल्या शेंगांकडे बघत असतं. हा पडद्यावरचा मात्र तुमच्याकडेच बघतो, आणि काहीतरी ठरवतोय असं वाटतं. बागुलबुवालाही नव्हती ती गोष्ट याला होती. मन होतं. २००५मध्ये पीटर जॅक्सन यांनी संगणकाच्या जोरावर पुन्हा काँग केला, पंचवीस फुटी केला, तेव्हाही चेहऱ्यामागे अँडी सर्किस हा नटच लागला.

गंमत अशी, की विशेष दृश्यांचं ऑस्कर मिळालं ते राम्बाल्दी, ग्लेन रॉबिन्सन आणि फ्रँक व्हॅन डर व्हीर यांना. बेकर यांचं नाव श्रेयनामावलीत ‘विशेष योगदान’ एवढ्यावर भागवलेलं आहे.

दुसरं हत्यार आवाज. १९३३मध्ये मरी स्पिव्हॅक यांनी सिंहाच्या आणि वाघाच्या डरकाळ्या सावकाश करून, उलट्या फिरवून काँगची आरोळी बनवली होती. ध्वनिफीत निम्म्या वेगानं चालवली की आवाज एक सप्तक खाली येतो, आणि खालचा आवाज म्हणजे मोठी छाती हे कानाला शिकवावं लागत नाही. १९७६चा काँग पहिल्यांदा पडद्यावर येतो तो जवळजवळ तासाभरानं. त्याआधी ढोल, भिंतीपलीकडचं जंगल, मोडणाऱ्या फांद्या. हे तंत्र बागुलबुवाचंच, माळ्यावरच्या खुडबुडीचं.

शेवटी काँग कोसळून पडतो आणि त्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. संथ, मग आणखी संथ. ही जागा टीव्हीवर हमखास वाया जाते. चपट्या टीव्हीच्या बारक्या स्पीकरला खालचे सूर नीट काढताच येत नाहीत, आणि ठोके असतात त्याच खालच्या पट्टीत. ऐकू येते ती नुसती टकटक. वूफरवाला स्पीकर जोडा, नसेल तर कान झाकणारे हेडफोन लावा. एवढं एकच करायचं असेल तरी हे करा.

चित्राचंही तसंच. टॉकीजचा पडदा चाळीस फूट रुंद असेल आणि पोरगं पुढच्या रांगेत तीस फुटांवर बसलेलं असेल तर चित्र त्याच्या नजरेचा ६७ अंशांचा पट्टा व्यापतं. घरी ५५ इंची टीव्ही दहा फुटांवरून पाहिला तर फक्त २३ अंश. हातातला मोबाइलही साधारण तेवढाच पट्टा व्यापतो, म्हणजे एवढ्या किमतीचा टीव्ही घेऊन आपण मोबाइलवरच बघत असतो म्हणायचं! सोफा पुढे ओढा, साडेपाच फुटांवर आणा, की ४० अंश मिळतात. खाली सतरंजीवर बसलात तर आणखी उत्तम, कारण काँगकडे मान वर करून बघावं लागतं. चित्रपट रुंद पट्टीत चित्रित झालाय, त्यामुळे वरखाली काळ्या पट्ट्या राहतील. त्या राहू द्या. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी चित्र दोन्ही बाजूंनी कापायचे तेव्हा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग जायचा, आणि मुठीतली नायिका दिसली तर काँगचा चेहरा जायचा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘मोशन’ नावाचं जे काही असेल ते आधी बंद करा. ते दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनच्या चौकटी घुसवतं, आणि बेकर यांच्या हालचालीला कष्टानं आणलेलं ते जडपण गुळगुळीत होऊन निघून जातं. ब्राइटनेसही वाढवू नका. काँगला न्यूयॉर्कमध्ये बसवताना तो निळ्या पडद्यासमोर चित्रित केलेला, मग त्या फिल्मवरून काँगच्या आकाराचे काळे-पांढरे साचे काढायचे आणि फिल्मवरून फिल्म छापणाऱ्या ऑप्टिकल प्रिंटरवर एकात एक बसवायचे. साचा ०.०२ मिलिमीटर सरकला तरी चाळीस फुटी पडद्यावर एक सेंटीमीटरहून जाड कड दिसते. केसांच्या टोकांशी तर हमखास. शिवाय दर वेळी फिल्मवरून फिल्म काढली की चित्र दाणेदार होतं, त्यामुळे अचानक चित्र खरखरीत झालं की समजावं, इथे जोडकाम आहे. टॉकीजमध्ये हे लपायचं. गावोगाव फिरून झिजलेली प्रत, तिच्यावर आधीच पावसासारख्या रेघा, कार्बनच्या कांड्या जळून अंतर वाढलं की पिवळा पडणारा प्रकाश. ऑपरेटर जाहिरातींनंतर दाबलेलं चित्र पडद्यावर रुंद करणारी स्कोपची लेन्स लावायला विसरला तर सगळे उंच नि किडकिडीत, आणि मागून शिट्ट्या. त्या सगळ्या गबाळेपणानं काँगची शिवण झाकली. आजच्या स्वच्छ प्रतीनं ती उसवून समोर ठेवली आहे.

लहानपणी जे दिसलंच नव्हतं तेही आता दिसतं. १९३३मध्ये बेटावर सिनेमावाले गेले होते, १९७६मध्ये तेल कंपनी जाते. १९७३च्या तेलटंचाईनंतरचा काळ. बेटावरचं तेल कच्चं निघतं, पिकायला आणखी दहा हजार वर्षं लागणार असतात, म्हणून साहेब रिकाम्या हातानं न परतता काँगलाच तेलवाहू जहाजाच्या पोटात घालून आणतात. खड्डा, क्लोरोफॉर्म, जहाज, तिकीट. वानराच्या भीतीनं डोळे झाकलेल्या पोरानं हा धंदा पाहिलाच नव्हता.

आणि ते मनोरे. काँग वर्ल्ड ट्रेड सेंटरवर चढतो कारण ते जुळे मनोरे त्याला बेटावरच्या दोन सुळक्यांसारखे दिसतात. एकशे दहा मजले, त्यांतला उंच १३६८ फूट. काँगच्या चौतीसपट. तेव्हा ते इतके नवे होते की वानरापेक्षा त्यांचंच नवल वाटावं. आज त्या दृश्यात काँग खोटा दिसतो, हेलिकॉप्टरं बरी दिसतात, आणि ज्यांच्याविषयी शंकाच नव्हती ते मनोरे २००१पासून नाहीत. या शॉटना टीव्हीचं कोणतंही सेटिंग लागत नाही.

नातवंडांना दाखवायचा असेल तर आठ वर्षांखालच्यांना नको. शेवटी रक्त बरंच आहे. मोठ्यांनी तासाभराचं ते वाट बघणं पुढे सरकवू नये, भीती तिथेच शिजते. लांबी १३४ मिनिटं. जेवणं आटपून सव्वानऊला लावला तर साडेअकराच्या आत संपतो. ठोके थांबल्यावर लगेच दिवा लावू नका, फोटोवाल्यांची गर्दी अजून पडद्यावर असते. साडेअकराला सराफ्यातला खाऊबाजार जागाच असतो, आणि थंडीचे दिवस असतील तर तळलेला गराडू मिळतोच.